हुसेनसागराच्या बंधावरील इतिहास



इतिहास ग्रंथांत वाचावा, शिलालेखांत शोधावा, ही आपली रीत. आपल्या हैदराबादेत मात्र तो उघड्यावरही मांडलेला आहे. हुसेनसागराच्या बंधावर, ज्याला आपण टँकबंड म्हणतो, एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना १९८६ साली ३३ पुतळे ओळीने उभे राहिले. तेलुगू समाजाचे दीर्घ चरित्र एका रस्त्याच्या कडेला सांगावे, अशी ती कल्पना. महाभारत तेलुगूत आणणारे नन्नय, तिक्कन आणि एर्रन, कवयित्री मोल्ला, वेमना, राणी रुद्रमा, कृष्णदेवराय आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान अशी ती मालिका आहे.

मराठी माणसाने या ओळीपाशी थोडे थांबावे. तिच्यात शालिवाहन आहे. त्याच्या नावाचा शक आपण आजही पंचांगात लिहितो, त्याची राजधानी पैठणला मानतो. तेलुगू बांधव त्यालाच आपला पूर्वज मानतात. या दोन्ही श्रद्धांना आधार आहे, कारण सातवाहनांची सत्ता पैठणपासून कृष्णाकाठच्या अमरावतीपर्यंत पोचली होती. पुढे अबुल हसन तानाशहा भेटतो. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवछत्रपतींचे भागानगरात स्वागत करणारा कुतुबशहा तो हाच. त्याच बंधावर भक्त रामदासूही आहे. भद्राचलमच्या राममंदिरासाठी सरकारी वसूल खर्चिला म्हणून तो याच तानाशहाच्या अमदानीत गोवळकोंड्याच्या कैदेत पडला, असे परंपरा सांगते. बंदी आणि त्याला बंदीत ठेवणारा सुलतान, दोघांनाही येथे सारखाच मान आहे. ग्रंथांत हे औदार्य क्वचितच आढळते.

तथापि, कोणताही पुतळा ज्याचा असतो त्याच्याइतकाच तो उभारणाऱ्यांचाही पुरावा असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची त्रिवाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि तेलंगण आंध्राला जोडला गेला. हे सर्व तेलुगू भाषक एकच आहेत, हे विधान त्यानंतर तीस वर्षांनी दगडाधातूत केले गेले. ते सर्वांना मान्य नव्हते. या ओळीत तेलंगणाच्या वाट्याला फार थोडे आले, ही खंत साचत गेली आणि १० मार्च २०११ रोजी, स्वतंत्र तेलंगणासाठी निघालेल्या ‘मिलियन मार्च’च्या वेळी, तिचा उद्रेक झाला. अनेक पुतळे फोडले गेले, काही सागरात लोटले गेले. आयुष्यभर शोषितांची बाजू मांडणारे श्रीश्री आणि जाषुवा हे कवीही त्यातून सुटले नाहीत. खंत खरी होती. परंतु तिची शिक्षा भोगली ती कवींनी.

पुढे ते पुतळे पुन्हा बसविण्यात आले. निजामाच्या अमलाविरुद्ध आदिलाबादच्या रानात लढून १९४० साली प्राण वेचणारा गोंड वीर कोमरम भीम हाही बंधावर उभा राहिला. मला हे उत्तर अधिक मोलाचे वाटते. ओळीत कोणी राहून गेला असेल, तर त्याला जागा करून द्यावी. उभ्या असलेल्याला पाण्यात ढकलल्याने राहून गेलेला वर येत नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य वेगळे झाले. ज्या एकसंध राज्याचा अभिमान म्हणून ही मालिका घडली ते राज्य उरले नाही, मालिका मात्र उरली.

१४ एप्रिल २०२३ रोजी याच सागराकाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ फूट उंच पुतळ्याचे अनावरण झाले. त्याचे शिल्पकार धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे राम सुतार. मराठी भूमीशी जडलेला महापुरुष, मराठी शिल्पकार आणि तेलुगू राजधानी, असा हा योग आहे.

विद्यार्थिमित्रहो, १९५६ नंतर आपले मराठी भाषक जिल्हे दूर गेले, आपण येथेच राहिलो. दुसऱ्याच्या अभिमानस्थळांपाशी आपलेपणाने उभे राहण्याची सवय आपल्याला आहे, ती जपावी. बंधावरून जाताना चौथऱ्यावरचे नाव वाचा, पुतळा कोणी आणि कधी उभारला तेही विचारा, आणि या ओळीत अजून कोण यायचे आहे याचा विचार करा. इतिहासाचा अभ्यास याहून फारसा वेगळा नसतो.