खंडणीखोराची पारख

सातारा रस्त्याने अथवा सोलापूरच्या वाटेने पुण्यास येणारा प्रवासी आजही बहुधा स्वारगेटलाच उतरतो. पेशवाईत परगावाहून आलेला असा मनुष्य कोण, कोठला आणि कोणाच्या घरी उतरला, याची नोंद राखणे हे शहराच्या कोतवालाकडे सोपविलेले काम होते. अनोळखी आगंतुकाची पारख करण्याचा हा उद्योग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच शहरी निराळ्या क्षेत्रात उभा राहिला. गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून आरंभ केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी संगणकातील विषाणू हुडकणारी आज्ञावली पुण्यातच घडविली. तीच पुढे ‘क्विक हील’ या नावाने देशभर पोहोचली.

त्या काळी विषाणू फ्लॉपीतून येत आणि त्यांतील विवक्षित अक्षरक्रम टिपून ठेवला की दफ्तरी नोंद पुरी होई. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या आज्ञावलीने, ही रीत अपुरी ठरविली. कारण या खंडणीखोरास रूप पालटणे सोपे, परंतु चाल पालटणे कठीण. क्षणार्धात शेकडो फायली कुलूपबंद करणे, त्यांच्या नावांस नवे शेपूट जोडणे, विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती पुसणे आणि शेवटी खंडणीचा मजकूर मागे ठेवणे, या वर्तनावरूनच त्याचे कूळ ठरवावे लागते.

कूळ ठरविण्यावर किती अवलंबून असते, हे जून 2017 मध्ये न्हावाशेव्यास दिसले. जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे व्यवहार अशाच एका आज्ञावलीच्या हल्ल्याने खोळंबले. पडद्यावर 300 डॉलर बिटकॉइनमध्ये मागितले होते, आणि आदल्या वर्षीच्या ‘पेत्या’ या रॅन्समवेअरचाच हा अवतार असावा, असा प्रथमदर्शनी समज झाला. परंतु डिस्कतपासणीचा खोटा देखावा उभा करून आत नासधूस करणाऱ्या या आज्ञावलीचे कूळ बारकाईने तपासता असे आढळले की, बळी पडलेल्यास दिलेला ओळखक्रमांक निव्वळ यदृच्छेने रचलेला होता. म्हणजे त्यावरून किल्ली परत देणे हल्लेखोरासही अशक्य. मागणी खंडणीची, स्वभाव मात्र विध्वंसकाचा! पैसे भरणे सर्वस्वी व्यर्थ आहे, हा निर्णय या परीक्षेमुळे ठामपणे देता आला, आणि माझ्या मते या विद्येचे खरे मोल तेथेच आहे. विंडोजच्या फोल्डरात ‘पर्फसी’ नावाची फाईल आधीपासून असल्यास ही आज्ञावली फायलींस हात न लावता थांबते, हेही अशाच निरीक्षणातून अल्पावधीत उमगले. बाधा न पोहोचलेल्या संगणकांत ती रिकामी फाईल ठेवून देणे, हा बंदोबस्त तेव्हा उपयोगी होता.