साखर, यीस्ट आणि फुगा

यीस्ट हे एकपेशीय कवक. बाटलीत कोमट पाणी, साखर व यीस्ट घालून तोंडाला फुगा बसविला की तो कार्बन डायऑक्साइडने हळूहळू फुगू लागतो. साखरेविना ठेवलेल्या बाटलीवरील फुगा जवळजवळ तसाच लोंबतो. मात्र साखर दुप्पट केल्यास फुगाही दुप्पट फुगेल, ही समजूत फसवी आहे. द्रावण अतिगोड झाले की परासरणामुळे पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि किण्वन मंदावते. मुरंबा टिकतो तोही याच कारणाने. प्रयोगातील रंजक भाग खरे तर हाच. दुधातील लॅक्टोज ही साखर तर बेकरीच्या यीस्टला पचतच नाही. जिवंत पेशी नसतानाही, यीस्ट चिरडून काढलेल्या रसाने किण्वन होते, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुख्नर यांनी १८९७ मध्ये दाखविले. त्यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल मिळाले.