भाऊ दाजींची दोन दप्तरं

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्याकडे मोठ्या हौसेनं वापरली जाते. इंजिनीअरिंगला असलेला मुलगा इतिहासाची पुस्तकं वाचू लागला, की घरातलं कोणीतरी ती हमखास ऐकवतं. म्हण खोटी नाही. पण ती सगळ्यांनाच लागू पडते का? याचं उत्तर शोधण्यासाठी आपल्या मुंबईतल्याच एका डॉक्टरांकडे पाहू या.

भायखळ्याला राणीच्या बागेलगत जे वस्तुसंग्रहालय आहे, ते परळ-लालबागच्या कित्येक मुलांनी सुट्टीत पाहिलेलं असतं. 1872 साली ते लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा ते व्हिक्टोरिया राणीच्या नावानं ओळखलं जाई. 1975 पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. हे संग्रहालय उभारण्यासाठी झटलेल्या मंडळींत भाऊ दाजी आघाडीवर होते.

मूळचे गोव्याचे भाऊ दाजी 1851 साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. वैद्यकी हा त्यांचा धंदा, आणि त्यात त्यांचं नाव मोठं होतं. पण त्यांचं कुतूहल दवाखान्यात मावणारं नव्हतं. जुनी नाणी, शिलालेख, संस्कृत पोथ्या यांचा त्यांना ध्यास होता. स्वतःचा पैसा खर्चून ते पोथ्या मिळवत. जुनागढहून आलेल्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाला त्यांनी हाताशी धरलं आणि शिलालेखांच्या नकला आणण्यासाठी दूरदूर पाठवलं. हेच भगवानलाल पुढे स्वतः नामांकित पुरातत्त्वज्ञ झाले.

आता महत्त्वाची गोष्ट अशी, की हा छंद भाऊ दाजींनी छंदासारखा केला नाही. रोगी न पाहता, ऐकीव माहितीवर औषध देणारा डॉक्टर आपल्याला चालेल का? तसंच भाऊ दाजी मूळ लेख आणि मूळ पोथी पाहण्याचा आग्रह धरत. आर्यभटाचा काळ ठरवताना त्यांनी आर्यभटाच्याच ग्रंथाचा आधार घेतला. कलियुगाची 3600 वर्षं उलटली तेव्हा आपण 23 वर्षांचे होतो, असं आर्यभटानं लिहून ठेवलं आहे. त्यावरून त्याचं जन्मसाल इसवी सन 476 येतं. भाऊ दाजींचा हा निबंध 1865 साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ते साल आजही मान्य आहे.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं असं मात्र नाही. कालिदास म्हणजेच काश्मीरचा मातृगुप्त, असं मत त्यांनी मांडलं होतं. पुढच्या विद्वानांनी ते स्वीकारलं नाही. पण त्यानं नुकसान काय झालं? निबंध छापलेला होता, पुरावे समोर होते. ज्यांचा तो विषय होता त्यांनी ते तपासले, टिकलं ते ठेवलं, बाकीचं बाजूला सारलं.

आता त्यांच्या स्वतःच्या विषयाकडे वळू या. महारोगावर त्यांनी एक औषध शोधलं होतं. त्यानं गुण येतो अशी ख्याती पसरली. परंतु औषध नेमकं काय, हे त्यांनी हयातीत छापून प्रसिद्ध केलं नाही. 1874 साली ते वारले. कडू कवठीच्या बियांचं तेल हा त्या औषधाचा मुख्य भाग होता, हे मागाहून कळलं. त्याच जातकुळीतलं चौलमुग्र्याचं तेल पुढे 1940 च्या दशकात नवी औषधं येईपर्यंत जगभर वापरात होतं. भाऊ दाजींनी आपली टिपणं इतर डॉक्टरांपुढे वेळीच ठेवली असती, तर त्यांतलं खरं किती आणि भाबडं किती, याची पारख लवकर सुरू झाली असती.

म्हणजे पाहा, या एकाच माणसाकडे दोन दप्तरं होती. जो विषय त्यांचा नव्हता, त्याचं दप्तर त्यांनी जाणकारांपुढे उघडं ठेवलं. ज्यात ते स्वतः तज्ज्ञ होते, ते दप्तर मात्र मिटलेलं राहिलं. चिंध्या व्हायच्या त्या विषय वाढल्यानं झाल्या नाहीत. उलट, परक्या विषयातलं त्यांचं काम टिकलं आणि घरच्या विषयातलं अर्धवट राहिलं.

आज तर एकेका शास्त्राच्या दहा-दहा शाखा झाल्या आहेत. एक काम नीट येणं ही पोटापाण्याची गरज आहे, आणि ते आधी पक्कं करावंच. पण नर्सनं आकाशातले तारे ओळखायला शिकावं, बँकेतल्या माणसानं आपल्या वाडीचा इतिहास जमवावा, यात गैर काहीच नाही. फक्त जमवलेलं कपाटात बंद करून ठेवू नये. त्या विषयातल्या जाणत्या माणसाला दाखवावं, चूक निघाली तर दुरुस्त करावी. आणि हाच नियम आपल्या रोजच्या कामालाही लावावा. तिथे तर तो जास्तच लागतो, कारण तिथे आपल्याला चूक दाखवण्याचं धाडस सहसा कोणी करत नाही.