भोजराजाचे पथ्य

माळव्यातील धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदत. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. तेथील मराठी घरे मात्र तिथेच राहिली. ओसरीवर हिंदी किंवा माळवी आणि माजघरात मराठी, हा संसार सीमाभागातील वाचकांना समजावून सांगायला नको. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना त्याच वर्षी हवापालटासाठी देवासला गेले आणि कायमचे देवासकर झाले.

धारच्या नावाशी मेंदूच्या शस्त्रक्रियेची एक प्रसिद्ध कथा जोडलेली आहे. सोळाव्या शतकातील बल्लाळ पंडिताच्या ‘भोजप्रबंधा’त ती येते. भोजराजाला असह्य मस्तकशूळ जडला. सारे वैद्य हरले. तेव्हा राजा इतका संतापला की, राज्यात एकही वैद्य राहू नये आणि वाग्भटादिकांचे सर्व ग्रंथ नदीत बुडवावेत, अशी आज्ञा त्याने प्रधान बुद्धिसागराला दिली. हे ऐकून इंद्राने अश्विनीकुमारांना विचारले, ‘‘वैद्यकशास्त्र खोटे आहे काय?’’ ते म्हणाले, शास्त्र खरेच आहे, पण हा रोग निराळा आहे. मग वेष पालटून ते धारेला आले. मोहचूर्णाने त्यांनी राजाची शुद्ध हरपविली, कवटी उघडून आत शिरलेली मासोळी काढली, लेपाने कवटी सांधली आणि संजीवनीने राजाला जागे केले.

ही कथा सांगून ‘आमच्याकडे अकराव्या शतकातच मेंदूची शस्त्रक्रिया होत होती’ असे व्यासपीठावरून ठणकावणारे वक्ते आपण ऐकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तसे म्हणू नये. भोज अकराव्या शतकातला आणि ग्रंथ त्यानंतर पाचशे वर्षांचा. शिवाय, भोजाच्या कितीतरी शतके आधी होऊन गेलेला कालिदास या ग्रंथात भोजाच्या दरबारी बसलेला आहे. ईथरची भूल बोस्टनला १८४६ मध्ये जाहीरपणे दाखविली गेली, लिस्टरने जंतुनाशनाची पद्धत १८६७ मध्ये मांडली. मेंदूपर्यंत पोचून रोग्याला सुखरूप परत आणण्याची वाट त्यानंतरच मोकळी झाली. भारतात या शाखेचा पाया वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये घातला.

मग कथा टाकून द्यावी काय? मुळीच नाही. तिचा शेवट फारसे कोणी सांगत नाही, तो पाहावा. राजा बरा झाल्यावर त्याने वैद्यांना पथ्य विचारले. ते सांगत असतानाच हे मानव नव्हेत अशी शंका येऊन राजाने त्यांचे हात धरले. तत्क्षणी ते अंतर्धान पावले. पथ्याचा राहिलेला चौथा चरण कालिदासाने पूर्ण केला. वैद्य निघून जातो. पथ्य पुरे करायला घरचे माणूस लागते. मला वाटते, कथेचे मर्म मासोळीत नसून या चौथ्या चरणात आहे.

अशीच दुसरी कथा बौद्ध विनयपिटकात आहे. उज्जैनच्या प्रद्योत राजाला बरे करणारा वैद्य जीवक राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या मस्तकावर शस्त्रक्रिया करतो. पण शस्त्र उचलण्यापूर्वी तो विचारतो, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने पडून राहशील काय? श्रेष्ठी कबूल होतो. प्रत्यक्षात एकवीस दिवसांतच तो बरा होतो. जीवक म्हणतो, मी आधी तसे सांगितले नसते, तर तू इतकेही पडून राहिला नसतास. म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधी मनाची तयारी आणि नंतर पथ्य. मधला भाग तेवढा वैद्याचा.

आज तान्ह्या बाळाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याचे एक मोठे कारण म्हणजे डोक्यात पाणी साठणे. मेंदूच्या पोकळ्यांत द्रव सतत तयार होतो आणि शोषला जातो. वाट अडली की तो साठतो. बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने डोके भराभर वाढते, टाळू फुगते, नजर खाली ओढल्यासारखी दिसते. यावर बारीक नळी बसवून तो द्रव बहुधा पोटात सोडतात. या नळीच्या झडपेमागे एक बापच आहे. फिलाडेल्फियाचा जॉन होल्टर हा कुलपे करणाऱ्या येल कंपनीतला कारागीर. १९५५ मध्ये जन्मलेल्या त्याच्या केसी या मुलाला हा विकार होता. डॉ. यूजीन स्पिट्झ यांच्याकडून अडचण समजून घेऊन त्याने सिलिकोनची झडप घडविली. १९५६ मध्ये ती प्रथम बसली दुसऱ्याच एका मुलाला, कारण केसीची प्रकृती तेव्हा साथ देत नव्हती. केसी पुढे लहानपणीच गेला; झडपेने मात्र असंख्य मुले वाचविली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील शाहजहानपूरला बनणारी छाब्रा नळी अशीच स्वस्त आणि भरवशाची. युगांडात १९५ मुलांवर तिची महागड्या परदेशी नळीशी तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात वर्षभरानंतर दोहोंत विशेष फरक आढळला नाही.

देवासहून चाळीसेक आणि धारहून साठ-पासष्ट किलोमीटरवर इंदूर. बाळाला घेऊन निघालेल्या आईबापांची वाट बहुधा तिकडेच वळते. त्यांनी जीवकाच्या श्रेष्ठीसारखे आधी सारे विचारून घ्यावे: शस्त्रक्रिया कशासाठी, धोका काय, न केल्यास काय, पुन्हा करावी लागेल काय. सहीचा कागद इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. तो समजल्यावरच सही करावी आणि आजीला तिच्या मराठीत समजावून सांगावा. अंगावरचे दूध भुलीआधी साधारण चार तास व वरचे दूध सहा तास बंद करतात. नेमकी वेळ डॉक्टर सांगतील ती पाळावी. रडते म्हणून चोरून पाजू नये, ते दूध भुलीत श्वासनलिकेत जाऊ शकते.

आणि मग चौथा चरण. नळी तुंबू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. ताप, वारंवार उलट्या, गुंगी, फुगलेली टाळू यांपैकी काही दिसताच रात्र असली तरी निघावे. टाळू भरण्याची आपली जुनी रीत असेल, पण नळीच्या जागी चोळणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोक्याचा घेर मापपट्टीने मोजून वहीत लिहून ठेवावा.

राजाचा राग आईबापांनाही येईल. वैद्यांना हाकलावे आणि कागद नदीत टाकावेत असे एखाद्या रात्री वाटेलही. भोजासारख्या विद्वानाला तसे वाटले असे बल्लाळाने लिहिले, तर आपण कोण? फक्त कागद टाकू नयेत. पुढच्या तपासणीला तेच लागतात.