होगार्थच्या चित्रांतील दालने : साक्ष आणि तिची मर्यादा

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याच्या चित्रांचा आधार वारंवार घेतला जातो. त्या काळी घरे कशी सजवीत, भिंतींवर काय टांगीत, मेजावर काय वाढीत, हे सर्व त्याच्या चित्रांत तपशीलवार दिसते. परंतु या दालनांतील एकही वस्तू केवळ जागा भरण्यासाठी ठेवलेली नाही. त्यामुळे या चित्रांना साधन मानण्यापूर्वी त्यांतील वस्तू कोणत्या हेतूने मांडल्या आहेत, हे पाहणे अवश्य ठरते. या दृष्टीने ‘मॅरेज अ-ला-मोड’ ही त्याची सहा चित्रांची मालिका विशेष उद्बोधक आहे.

मालिकेचे कथानक साधे आहे. कर्जात बुडालेला एक अर्ल आपल्या मुलाचे लग्न लंडनमधील एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी ठरवितो. एका पक्षाला पैसा हवा आहे, दुसऱ्याला प्रतिष्ठा. पहिल्या चित्रात कराराची बोलणी चालू आहेत. संधिवाताने सुजलेला पाय पुढे ठेवून अर्ल आपल्या वंशवृक्षाकडे बोट दाखवितो; त्याच्या कुबड्यांवरही सरदारकीचे चिन्ह आहे. खिडकीबाहेर अर्धवट राहिलेली भव्य इमारत दिसते, आणि तिच्यावरून पैसा कोठे गेला हे कळते. वधू-वर एकमेकांकडे पाहतही नाहीत; मात्र त्यांच्या जवळच दोन कुत्री एकाच साखळीने जखडलेली आहेत. भिंतींवर हत्येची व हौतात्म्याची चित्रे आहेत. विवाहाचे भवितव्य पात्रांच्या तोंडून वदविण्याची गरजच उरलेली नाही.

दुसऱ्या चित्रात विवाहोत्तर संसार दिसतो. खुर्ची उलथलेली आहे, पत्ते जमिनीवर विखुरले आहेत, नोकर जांभया देत आहे. नवऱ्याच्या खिशातून डोकावणारी स्त्रीची टोपी कुत्रे हुंगीत आहे. हातात बिलांचा गठ्ठा घेऊन कारभारी हताशपणे बाहेर पडत आहे. शेजारच्या दालनात संतांच्या चित्रांच्या रांगेत एक चित्र पडद्याने झाकलेले आहे. पण पडद्याखालून उघडा पाय दिसतोच. या घरात काय झाकले जाते आणि कसे अपुरे झाकले जाते, हे त्या एका पायावरून उमगते.

पुढे पत्नीचा प्रियकर असलेला वकील तिच्या पतीचा वध करतो व फाशी जातो. सहाव्या चित्रात ती माहेरी विष घेऊन मरते. व्यापाऱ्याच्या या घरात ऐश्वर्याचा मागमूस नाही. जमीन उघडी आहे, मेजावरील तुटपुंजे अन्न एक हाडकुळे कुत्रे पळवीत आहे, आणि भिंतीवर ओबडधोबड विनोदाची डच धर्तीची चित्रे आहेत. बाप मरणोन्मुख मुलीच्या बोटातील अंगठी काढून घेत आहे. ज्याच्या पैशावर हा विवाह उभा राहिला, त्याची कृपणता प्रथम खोलीच सांगते. अंगठी तिच्यावर शिक्कामोर्तब करते.

इतका बारकावा कशामुळे शक्य झाला? या चित्रांवरून तयार केलेले कोरीव ठसे १७४५ मध्ये एक गिनी या किमतीस संचरूपाने विकले गेले. १७३५ च्या कायद्याने कोरीव चित्रांना चौदा वर्षांचे संरक्षण मिळाले होते, आणि त्यासाठी होगार्थने स्वतः खटपट केली होती. उमरावाच्या घराची अशी झडती घेण्यास त्याला उमरावाच्या आश्रयाची गरज राहिली नव्हती. शिवाय ठसा घरी, हातात घेऊन, पुनःपुन्हा पाहता येत असे. पडद्याखालील पाय अशा वाचकासाठी आहे.

येथेच साधनाची मर्यादाही स्पष्ट होते. परदेशी जुन्या चित्रांचा व्यापार करणाऱ्यांवर होगार्थने १७३७ मध्येच वृत्तपत्रातून टीका केली होती. म्हणजे अर्लच्या भिंतीवरील चित्रे अर्लच्या अभिरुचीची साक्ष देतात, तशीच चित्रकाराच्या वैराचीही देतात. ही दालने म्हणजे घरातील सामानाची यादी नव्हे. ते एका पक्षाने मांडलेले आरोपपत्र आहे. तरीही ते निरुपयोगी ठरत नाही. अशा घरात नेमके असेच सामान होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु अर्धवट इमारत, न भागविलेली बिले व झाकलेले चित्र यांचा अर्थ सांगितल्याविना ओळखील असा ग्राहकवर्ग त्या काळी होता, असा होगार्थचा भरवसा होता, एवढे निश्चित दिसते. मूळ चित्रे १८२४ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने प्रत्येक वस्तूस दोन प्रश्न विचारावेत : ही वस्तू तेथे असे काय, आणि ती तेथे कोणी व कशासाठी ठेवली. दुसरा प्रश्न गाळला, तर पहिल्याचे उत्तर विश्वसनीय राहत नाही.