वेळ कोणाचा वाचला? पाळी, पोहे आणि झटपट रामेन

१/१६
रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या खोऱ्यात रसायनी वसली आहे. मोहोपाड्याच्या बाजारात आज मॅगीच्या पिवळ्या पाकिटांशेजारी रामेनचे कागदी पेलेही मांडलेले दिसतात. उकळते पाणी ओतावे, झाकण ठेवावे, तीन-चार मिनिटे थांबावे. पोटाची सोय झाली. या मिनिटांना मात्र सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याच्या आरंभी कारखान्यात राबणारी स्त्री उभी आहे.

२/१६
रसायनीचे नाव तिच्या उद्योगाशी जोडलेले आहे. रंग आणि औषधे यांना लागणारी मूलभूत रसायने देशातच तयार व्हावीत, या हेतूने १९६० मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. रासायनिक संयंत्र संध्याकाळी बंद करून सकाळी पुन्हा सुरू करता येत नाही. त्यामुळे कारखान्याबरोबर गावात तीन पाळ्या आल्या. भातशेतीच्या या खोऱ्यात जेवणाची वेळ सूर्य ठरवत असे. आता ती भोंगा ठरवू लागला.

३/१६
हाच पेच स्वित्झर्लंडमध्ये एक शतक आधी पडला होता. गिरण्यांत दिवसभर काम करणाऱ्या स्त्रियांना स्वयंपाकाला वेळ उरत नसे आणि कामगारांची कुटुंबे निकृष्ट अन्नावर दिवस काढत. डॉक्टर आणि कारखाना-निरीक्षक असलेल्या फ्रिडोलिन शुलर यांनी या कुपोषणाकडे लक्ष वेधले. स्वस्त, पौष्टिक आणि लवकर शिजणारे काही तयार होईल का, असा प्रश्न तेथील लोककल्याण संस्थेपुढे आला.

४/१६
उत्तर देणारा मनुष्य पीठगिरणीचा मालक होता. त्याचे नाव ज्युलियस मॅगी. १८८४ मध्ये त्याने कडधान्यांचे आधीच प्रक्रिया केलेले पीठ बाजारात आणले आणि १८८६ मध्ये तयार सूप. आज चैनीशी आणि आळसाशी जोडले जाणारे ‘झटपट जेवण’ मुळात कारखान्याच्या घड्याळातून जन्मले. ज्युलियस मॅगीने नूडल्स कधी विकल्या नाहीत. त्याचे नाव त्यांना फार पुढे चिकटले. १९४७ मध्ये त्याची कंपनी नेस्लेत विलीन झाली.

५/१६
नूडल्सचा धागा जपानचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ओसाकात अन्नाची टंचाई होती. रामेनच्या एका टपरीसमोर थंडीत कुडकुडत उभी असलेली माणसांची रांग मोमोफुकु आंदो यांनी पाहिली, आणि ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. आंदो जन्माने तैवानचे. पुढे धंद्यात सर्वस्व गमावल्यावर त्यांनी इकेदा गावी घरामागच्या खोपटात प्रयोग आरंभले. त्यांना घरात महिनोन् महिने टिकणारे, केवळ उकळत्या पाण्यावर तयार होणारे रामेन हवे होते.

६/१६
अडचण सुकवण्याची होती. उन्हात वाळवलेली नूडल पुन्हा मऊ व्हायला वेळ घेते. पत्नीला तेलात तेम्पुरा तळताना पाहून आंदो यांना मार्ग सुचला, असे सांगितले जाते. वाफवलेली नूडल कढत तेलात सोडली की आतले पाणी वाफ होऊन वेगाने बाहेर पडते आणि मागे असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. पुढे उकळते पाणी याच छिद्रांतून आत शिरते. नूडल शिजलेली असतेच. घरी तिला फक्त तिचे पाणी परत द्यायचे असते.

७/१६
२५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ विक्रीला आले. किंमत ३५ येन. ताज्या उदोनच्या एका गोळ्याला तेव्हा सुमारे ६ येन पडत. गरिबाचे अन्न म्हणून आज ओळखला जाणारा हा पदार्थ पहिल्या दिवशी ताज्या नूडलच्या जवळजवळ सहापट महाग होता, तरीही तो खपला. ग्राहक पिठाचे नव्हे, वेळेचे पैसे मोजत होता. १९७१ मध्ये पेल्यातले ‘कप नूडल्स’ आले आणि भांड्याचीही गरज संपली.

८/१६
शिजवा, पाणी काढा, हवे तेव्हा पाणी परत द्या. हे तंत्र रसायनीच्या परिसराला नवे होते का? मुळीच नाही. खोऱ्याच्या एका अंगाला भाताच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले कर्जत आहे, तर दुसऱ्या अंगाला पोह्यांच्या पापडांसाठी नावाजलेले पेण. पोहे करताना भात गरम पाण्यात भिजवतात, भाजतात आणि कुटून चपटा करतात. उष्णतेने दाण्यातला स्टार्च आधीच शिजतो. चपटेपणामुळे पाणी क्षणात आत जाते.

९/१६
म्हणूनच पोहे चुलीवाचूनही खाता येतात. सुदाम्याने द्वारकेच्या वाटेवर पुरचुंडीत पोहे बांधले, हा तपशील कथेतही किती व्यवहार्य आहे! दही, ताक, दूध किंवा नुसते पाणी मिळाले की प्रवाशाचे जेवण झाले. नूडलचा आकारही आपल्याला परका नाही. कोकणात तांदळाच्या शिरवळ्या नारळाच्या गोड रसात वाढतात, आणि गव्हाच्या शेवया तर घाटावरच्या घराघरांत होत आल्या आहेत.

१०/१६
मग वेगळे काय? श्रमाचा हिशेब. शेवया, कुरडया, पापड यांचे वाळवण चैत्र-वैशाखाच्या उन्हात होई. गहू भिजवायचा, चीक काढायचा, पहाटे तो आटवायचा, दिवसभर कावळे हाकायचे. पावसाळ्यात पाहुणा दारी आला की खीर घटकेत तयार होई. पण ती घटका उन्हाळ्यात कोणीतरी आधीच भरून ठेवलेली असे. ती भरणाऱ्या बायकांच्या कामाची मजुरी कोणत्याही खातेवहीत लिहिली गेली नाही.

११/१६
या ठिकाणी दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. ‘चिकन रामेन’ आले ऑगस्ट १९५८ मध्ये. त्यानंतर सात महिनेही झाले नव्हते, तेव्हा १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या एका गच्चीवर जसवंतीबेन पोपट यांच्यासह सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हीच पुढची ‘लिज्जत’. ओसाकात वाळवणाचे श्रम यंत्राकडे गेले. गिरगावात ते स्त्रियांच्याच हाती राहिले, पण त्यांना प्रथमच मोल मिळाले आणि मालकीही.

१२/१६
भारतात १९८३ मध्ये नेस्लेने मॅगी नूडल्स आणल्या. त्याच सुमारास पाताळगंगेच्या काठी पॉलिएस्टरचा मोठा कारखाना उभा राहून खोऱ्यात उद्योगांची दुसरी पिढी सुरू झाली होती. जाहिरातीत दोन मिनिटे होती, भुकेलेली मुले होती आणि आई होती. शुलर यांच्या अहवालातली थकलेली कामगार स्त्री येथे हसतमुख गृहिणी झाली. पण प्रश्न तोच राहिला आणि उत्तरही तिनेच द्यायचे, हेही ठरलेलेच राहिले.

१३/१६
श्रम घराबाहेर गेले की विश्वासही घराबाहेर जातो. अंगणातल्या शेवईत काय आहे, हे डोळ्यांना दिसे. पाकिटातले प्रयोगशाळेला विचारावे लागते. २०१५ मध्ये हे उघड झाले. मॅगीच्या नमुन्यांत मर्यादेहून अधिक शिसे आढळल्याचे अहवाल आले. मर्यादा दशलक्ष भागांत २.५ भागांची होती, तर एका नमुन्यात १७.२ भाग नोंदले गेले. ‘अजिनोमोटो घातलेला नाही’ अशा अर्थाच्या वेष्टनावरील दाव्यालाही आक्षेप होता. ५ जून रोजी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने विक्री थांबवली.

१४/१६
प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायमूर्ती कानडे आणि न्यायमूर्ती कुलाबावाला यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडण्याची संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, हे त्यामागचे आधार. विक्रीपूर्वी मात्र तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणीची अट घातली. त्या तपासण्यांत नमुने निर्दोष ठरले. गोव्यातील डिचोलीच्या कारखान्यातही उत्पादन पुन्हा सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटे दुकानांत परतली.

१५/१६
न्यायालयाने शिशाच्या आरोपाचा निवाडा केला. पौष्टिकतेचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. मैदा, तेल आणि भरपूर मीठ हे या पाकिटाचे मुख्य घटक आहेत; प्रथिने आणि तंतू बेताचेच. गंमत अशी की, कामगारांच्या कुपोषणावर ज्युलियस मॅगीने शोधलेला पहिला उपाय कडधान्याचा होता. शंभर वर्षांत त्याच्या नावाखाली वेग टिकला आणि डाळ गळाली. पाकिटात अंडे, मटार वा शेंगदाणे घालणारे घर नकळत त्या मूळ हेतूकडे परत जात असते.

१६/१६
२०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतील सरकारी कारखान्याची बहुतेक संयंत्रे बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या भोंग्याने येथील जेवणाच्या वेळा बदलल्या, तो असा ओसरला. खोऱ्यातले इतर कारखाने आणि त्यांच्या पाळ्या मात्र चालूच आहेत. रात्रपाळीहून परतलेल्या माणसासमोरचा वाफाळता पेला हा त्यामुळे स्वयंपाकाच्या आळसाचा पुरावा ठरत नाही. दिवसाचे आठ तास कोणाला विकले गेले आणि उरलेल्या वेळात चूल कोणी पेटवायची, याचा तो दस्तऐवज आहे. पेणच्या पापडालाही हाच प्रश्न विचारता येतो. फरक इतकाच की, पाकिटावर मिनिटे छापलेली असतात. वाळवण घालणारीचे तास कोठेच छापलेले नसतात.