तेल केव्हा बदलावे? मोटारसायकलच्या वंगणाविषयीच्या एका वादाचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे कारखाना केव्हा निघाला, परवाना कोणास मिळाला आणि उत्पादन किती झाले, ह्याच गोष्टींची नोंद बहुधा केली जाते. यंत्र विकत घेतल्यानंतर ते वर्षानुवर्षे चालते कसे ठेवले गेले, हा इतिहासाचा दुसरा अर्धा भाग मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत टिपणात त्या भागातील एक लहानसा प्रश्न विचारासाठी घेतला आहे: मोटारसायकलच्या इंजिनातील तेल किती अंतर चालल्यावर बदलावे? उत्पादकाची पुस्तिका एक आकडा सांगते, गॅरेजमधील मिस्त्री दुसरा सांगतो, आणि मालक आपल्या अनुभवाने तिसराच ठरवितो. हा वाद वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि हा आकडा कोणत्या हिशेबातून निघाला आणि त्या हिशेबातून काय वगळले गेले, हे पाहू गेल्यास तो तितका क्षुल्लक राहत नाही.

ह्या विचारासाठी मावळातील भुशी हे गाव सोयीचे स्थान आहे. लोणावळ्याजवळ, इंद्रायणीच्या उगमाकडील प्रवाहावर असलेला भुशीचा बंधारा आज वर्षाविहाराचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याचे मूळ प्रयोजन निराळे होते. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, आणि घाट चढून येणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी रेल्वेने एकोणिसाव्या शतकातच हा बंधारा बांधला. १९३० पर्यंत पुण्यापर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि त्या पाण्याची गरज ओसरू लागली. पुढे १९४५ साली ह्याच परिसरात आरमाराच्या यांत्रिकी शिक्षणाची ‘शिवाजी’ ही संस्था सुरू झाली. म्हणजे इंजिन आणि त्याची निगा ह्या विषयाशी ह्या डोंगराचा संबंध दीड शतकाहून जुना आहे.

वाफेच्या इंजिनालाही निगेचे वेळापत्रक होते. बॉयलरमध्ये पाण्यातील क्षारांचा थर बसे, म्हणून तो ठराविक दिवसांनी रिकामा करून धुवावा लागे. हे दिवस सर्वत्र सारखे नसत. पाणी जड असेल तेथे बॉयलर लवकर धुवावा लागे, मऊ असेल तेथे उशिरा चाले. रेल्वेजवळ पाणी तपासणारे रसायनज्ञ होते, आणि एका बॉयलरची किंमत अशा तपासणीच्या खर्चाच्या कितीतरी पट होती. वेळापत्रक परिस्थितीवरून ठरावे, हे तत्त्व येथे खर्चाच्या दृष्टीनेही परवडणारे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

मोटारसायकलच्या आरंभीच्या काळात तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील बहुतेक गाड्यांत तेल इंजिनात जाई, काही जळे, काही गळे, आणि परत येत नसे. स्वार हातपंपाचा एक दाब दर काही मैलांनी देई, आणि चढ लागला की अधिक देई. किती तेल द्यावे हे कानाने आणि मागील धुराच्या रंगाने ठरे. ह्या काळात एरंडेलास मोठा मान होता. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील रेल्वेवरही एरंडेल वंगण म्हणून वापरले जाई. इंग्लंडमधील वेकफील्ड कंपनीच्या ‘कॅस्ट्रॉल’ ह्या नावात एरंडाचे इंग्रजी नाव आजही टिकून आहे.

पंपाने तेल फिरवून तेच पुन्हा वापरण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा खर्च कमी झाला. पण त्याबरोबर एक नवी चिंता जन्मास आली. तेच तेल फिरत राहिल्याने त्यात काजळी, न जळलेले पेट्रोल, ज्वलनातून निर्माण होणारी आम्ले, पाण्याचा अंश आणि झिजलेल्या धातूचे कण साठू लागले. उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीभवन होऊन त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, बदलू लागला. हे सर्व डोळ्यांस नेमके दिसत नाही; म्हणून उत्पादकांनी मैलांचा आकडा छापला. १९५५ साली मद्रास येथे एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या ‘बुलेट’मधून महाराष्ट्रातील अनेक मिस्त्रींना ह्या नव्या शिस्तीचा परिचय झाला. जुन्या बुलेटमध्ये इंजिनाचे तेल, प्राथमिक साखळीच्या पेटीचे तेल आणि गिअरपेटीचे वंगण ही तिन्ही वेगळी होती. त्यामुळे कोणते केव्हा बदलावे, ह्याचे ज्ञान हाच मिस्त्रीच्या प्रतिष्ठेचा एक आधार बनला.

ह्याच सुमारास तेल स्वतःच बदलत होते. १९३० नंतरच्या दशकात काजळीस चिकटू न देणारी प्रक्षालक रसायने तेलात मिसळली जाऊ लागली. पुढे झीज रोखणारी जस्ताची संयुगे आली. प्रक्षालक तेल काजळी धरून ठेवते, म्हणून ते लवकर काळे पडते. जुन्या साध्या तेलाच्या बाबतीत काळेपणा हे खराबीचे लक्षण मानणे योग्य होते. नव्या तेलाच्या बाबतीत तोच काळेपणा तेल आपले काम करीत असल्याची खूण ठरला. परंतु तेल दोन बोटांत चोळून पाहण्याची परंपरा तशीच राहिली. मिस्त्री अडाणी होता म्हणून असे झाले, हे म्हणणे अन्यायाचे होईल. रसायन बदलल्याची वार्ता त्याच्यापर्यंत कोणत्याही व्यवस्थेने पोहोचविली नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

महाराष्ट्रात त्यानंतर जवळजवळ तीन दशके हा वाद निराळ्या रूपाने वावरला. बजाज ऑटोने १९६० नंतर आकुर्डीस व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू केले. १९७२ साली ‘चेतक’ आणि पुण्याच्या कायनेटिकची ‘लूना’ बाजारात आली. ही सर्व टू-स्ट्रोक, म्हणजे दोन धावांची इंजिने होती. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे आणि ते जळून जाई. बदलावयाचे ते केवळ गिअरपेटीचे तेल. इंजिनापुरता प्रश्न ‘किती अंतराने’ हा न राहता ‘किती प्रमाणात’ असा झाला. जुन्या इंजिनांस वीस-पंचवीस भागांस एक भाग तेल लागे, सुधारलेल्या इंजिनांस पन्नास भागांस एक भाग पुरे. तरीही इंजिन जाम होईल ह्या भीतीने अनेक जण जरा जास्तच ओतीत. त्याचा परिणाम शहरांच्या हवेवर झाला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत सुटे टू-स्ट्रोक तेल विकण्यास बंदी करून पंपावरच मोजून मिसळलेले इंधन देण्याची व्यवस्था करावयास लावली. ‘जास्त घातलेले बरे’ ही घरगुती सावधगिरी सार्वजनिक हानी कशी ठरते, ह्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

१९८५ साली ‘हीरो होंडा सीडी १००’ आली आणि चार धावांच्या हलक्या मोटारसायकलींचे युग सुरू झाले. प्रदूषणाच्या वाढत्या निर्बंधांनी दोन धावांची इंजिने पुढे मागे पडली. त्याबरोबर तेल बदलण्याचा वादही परत आला, पण अधिक गुंतागुंतीचा होऊन. ह्या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर ह्या सर्वांस एकच तेल पुरते. गिअरच्या दात्यांत तेलाचे रेणू तुटतात. उलट मोटारींसाठी केलेल्या, घर्षण फार कमी करणाऱ्या तेलाने क्लच घसरू लागतो. म्हणूनच जपानी उत्पादकांनी मोटारसायकलच्या तेलासाठी ‘जासो’ हे वेगळे मानक निर्माण केले. आज अनेक पुस्तिकांत पाच-सहा हजारांपासून दहा हजार किलोमीटरांपर्यंतचे आकडे आढळतात, तर गॅरेजमध्ये दोन-तीन हजारांचा जुना आकडाच प्रमाण मानला जातो.

ह्यांपैकी खरा आकडा कोणता, असा प्रश्न विचारणेच मुळात चुकीचे आहे. तेल प्रत्यक्ष तपासून निर्णय घेण्याची पद्धत फार पूर्वीपासून ज्ञात आहे. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर व रिओ ग्रँड वेस्टर्न ह्या रेल्वेने डिझेल इंजिनांच्या तेलातील धातूचे अंश वर्णपटाच्या साहाय्याने मोजण्यास आरंभ केला; पुढे अमेरिकन आरमाराने ती पद्धत उचलली. परंतु शंभर-दीडशे सीसीच्या मोटारसायकलमध्ये सुमारे एक लिटर तेल मावते. तेवढे तेल तपासण्यास लागणारा खर्च नवे तेल घालण्याच्या खर्चाहून अधिक. तेव्हा किलोमीटरचा आकडा हा तेल केव्हा बिघडते ह्याचे मोजमाप नसून, न तपासण्याची किंमत म्हणून आपण मान्य केलेला एक करार आहे. त्या करारात उत्पादकास गाडीचा देखभालखर्च कमी दाखवावयाचा असतो, तेल विकणाऱ्यास खप हवा असतो, आणि मिस्त्रीस आपल्या हातून गेलेली गाडी परत बिघडून येऊ नये असे वाटते. प्रत्येकाचा आकडा त्याच्या जोखमीप्रमाणे बदलतो.

भुशीच्या वाटेवर ह्या कराराची मर्यादा स्पष्ट दिसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी येणाऱ्या मोटारसायकली खोपोलीवरून जुन्याच घाटाने सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यास येतात. पुढे बंधाऱ्याच्या रस्त्यावर त्या पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या गतीने सरकत राहतात. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनास वारा मिळत नाही. तेल तापते, क्लच राबतो, आणि अंतरमापकावर जेमतेम दोन-चार किलोमीटर वाढतात. ह्याउलट स्थानिक रहिवाशाची गाडी दमट हवेत रोज थोडेसेच अंतर जाते, तेल पुरते तापत नाही, आणि त्यात पाण्याचा अंश साठत राहतो. दोघांचेही तेल पुस्तिकेतील आकड्याच्या आधी बिघडू शकते, पण कारणे परस्परविरुद्ध आहेत. सपाट मार्गावर एका वेगाने रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याचे तेल मात्र मिस्त्रीच्या आकड्यानंतरही बरेच टिकते. किलोमीटर हे एकच माप ह्या तिघांस लावणे म्हणजे पाणी न पाहता सर्व बॉयलर एकाच दिवशी धुण्यासारखे आहे.

आता करारातून वगळलेल्या पक्षाकडे वळू. काढलेले तेल कोठे जाते? वापरलेल्या तेलाची गणना कायद्याने घातक टाकाऊ पदार्थांत होते, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनःप्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम अमलात आले आहेत. परंतु रस्त्याकडेच्या गॅरेजातील एकेक लिटर गोळा करणे हे कारखान्यातील पिंपे मोजण्याइतके सोपे नाही. जे तेल ओढ्यात सांडते ते मावळात अखेर इंद्रायणीस मिळते. ‘लवकर बदललेले बरे’ ह्या सावधगिरीचा हा खर्च मालकाच्या, मिस्त्रीच्या वा उत्पादकाच्या कोणत्याच हिशेबात येत नाही. आणि टू-स्ट्रोकच्या धुराप्रमाणेच तो इतरांस सोसावा लागतो.

म्हणून आकडा सरसकट वाढवावा, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. घाटातील गाडीस तो घातक ठरेल. निष्कर्ष एवढाच की, निगेचे वेळापत्रक हे तांत्रिक सत्य म्हणून न वाचता ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून वाचले पाहिजे: ते कोणी लिहिले, कोणत्या रस्त्यासाठी लिहिले आणि कोणाचा खर्च त्यात धरला नाही. असे दस्तऐवज आपल्याभोवती पुष्कळ आहेत. जुन्या गाड्यांच्या पुस्तिका, सर्व्हिसिंगची कार्डे, गॅरेजांच्या खतावण्या आणि वृद्ध मिस्त्रींच्या स्मृती आजवर रद्दीत आणि विस्मृतीत जात राहिल्या आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराच्या औद्योगिक इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी कारखान्यांच्या वार्षिक अहवालांबरोबर ही सामग्रीही जमविण्यास आरंभ केल्यास, यंत्र निर्माण करणाऱ्यांच्या इतिहासाशेजारी ते चालते ठेवणाऱ्यांचा इतिहासही उभा राहू शकेल.